खादाड इमारतीचा भागाकार

एखादी इमारत तीस वर्षं पोटाला चिमटा घेऊन जगायला शिकली, आणि तरीही तिचं विजेचं खाणं अडीच पटींहून जास्त वाढलं, असं कधी होईल का? तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय विचारता! कृत्तिका गावंडेनेही आधी तेच म्हटलं होतं. पण वेळच अशी आली, की या कोड्याचं उत्तर तिला सूर्य मावळायच्या आत शोधावं लागलं.

गोष्ट आहे सन २०५९ मधली, वऱ्हाडातल्या पूर्णानगरची. मे महिना, पारा सेहेचाळीसवर आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. या शहरात एक रीत होती. प्रत्येक मोठ्या इमारतीच्या गच्चीवर एक दिवा असे. वर्षातून एकदा सगळ्या इमारतींच्या विजेची मोजणी होई आणि त्या दिवशी सूर्यास्ताला हे दिवे लागत. काटकसरी इमारतीवर हिरवा, बऱ्यापैकी वागणाऱ्या इमारतीवर पिवळा आणि खादाड इमारतीवर लाल. लाल दिव्याने नुसती अब्रू जात नसे. पुढे वर्षभरात उन्हाळा असेल तेवढे दिवस, दुपारी बारा ते चार त्या इमारतीची वीजच बंद. पूर्णानगरातली मे महिन्याची दुपार विजेशिवाय काढायची म्हणजे दुकानाला कुलूपच लावायचं.

आणि आज, मोजणीच्या दिवशी, जिनिंग मार्केटच्या वाट्याला लाल दिवा आला होता.

जिनिंग मार्केट हे चार मजल्यांचं व्यापारी संकुल. फार पूर्वी त्या जागी कापसातली सरकी काढायचा कारखाना होता, म्हणून हे नाव. आता तिथे कापडाची, भांड्यांची, औषधांची दुकानं होती, दोन दवाखाने होते, वरच्या मजल्यावर मुलांचं वाचनालय होतं. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत कृत्तिकाचे आजोबा, भास्कर गावंडे, बसत. ते इमारतींच्या ऊर्जेचे शास्त्रज्ञ. मार्केट उभं राहिलं तेव्हापासून ते या एकाच इमारतीच्या मागे हात धुऊन लागले होते. वीज कुठे वाया जाते ते शोधायचं आणि ती गळती बुजवायची, हाच त्यांचा ध्यास. मोठमोठ्या शहरांतून बोलावणी आली, पण गेले नाहीत. "एक इमारत त नीट करू द्या आधी," म्हणायचे. कृत्तिकाला त्यांचा भारी अभिमान होता आणि ती तो लपवतही नसे. वर्गात कुणी "तुझे आबा काय करतात?" असं विचारलं, तर मधली सुट्टी संपली तरी तिचं उत्तर संपत नसे.

त्यामुळे लाल दिव्याची बातमी ऐकली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"असं कसं केलं तुम्ही?" तिने समोरच्या यंत्रमानवाला दरडावून विचारलं.

यंत्रमानवाचं नाव तोलन. शहराच्या ऊर्जामोजणी केंद्राने यंदाच त्याला इमारतींच्या कामावर नेमलं होतं. उंचीने कृत्तिकाएवढा, पोटावर पडदा, आवाज गोड आणि वागणं अतिशय सभ्य. कामावर आलेला पाहुणा म्हणून व्यापारी त्याला 'तोलनसाहेब' म्हणत आणि तो चहा पीत नाही हे माहीत असूनही त्याच्यासमोर कप ठेवत. आत्ताही तीन कप निवत पडले होते.

"मी सरळ तुलना केली," तोलन म्हणाला. "तीस वर्षांपूर्वी ही इमारत वर्षाला चार लाख ऐंशी हजार युनिट वापरत होती. गेल्या वर्षभरात तिने बारा लाख छत्तीस हजार युनिट वापरली. वाढ अडीच पटींहून जास्त. म्हणून लाल. हरकत असेल तर सूर्यास्तापूर्वी सांगावी."

युनिट (हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की जेवढी वीज लागते तेवढी) म्हणजे काय हे कृत्तिकाला माहीत होतं. आकडे खोटे नव्हते, हेही दिसत होतं. मग आबांनी तीस वर्षं केलं तरी काय?

"घ्या ना हरकत, गावंडेसाहेब!" तायडेकाका कळवळून म्हणाले. तायडेकाकांचं तळमजल्यावर कापडाचं दुकान होतं आणि ते मार्केटचे अध्यक्ष होते. "आपली इमारत खादाड म्हणते हा डबा!"

आबांनी मान हलवली. "इमारतीची देखरेख करणाऱ्याले हरकत घेता येत नाही, तायडे. नियम चांगला आहे. नाहीतर जो तो आपलीच तारीफ करत सुटेल. हरकत इमारत वापरणाऱ्यानं घ्यायची असते."

"मी वापरते," कृत्तिका म्हणाली. "वाचनालयात रोज येते. माझी हरकत आहे!"

"हरकत नोंदवली," तोलन म्हणाला. "कारण?"

आता आली का पंचाईत! कारण काय सांगणार? तिने आबांकडे पाहिलं. आबांनी चष्मा पुसायला घेतला. हे त्यांचं नेहमीचं होतं. उत्तर द्यायचं नसलं की चष्मा.

"आपल्या घरी सकाळी भाकरी किती होतात वं?" त्यांनी विचारलं.

"भाकरी? सोळा."

"आणि शेजारी बोचऱ्यांकडे?"

"नऊ. पण आबा, इथे लाल दिवा लागून राहिला अन्..."

"मग खादाड कोण? आपण की बोचरे?"

"आपण कसे? आपण आठ जणं आहो, ते तिघंच. आपल्याकडे एकेकाला दोन येतात. त्यांच्याकडे तीन!" बोलता बोलता कृत्तिका थांबली. मग गर्रकन तोलनकडे वळली. "तीस वर्षांपूर्वी ही इमारत केवढी होती?"

"चार हजार चौरस मीटर."

"आणि आता तर वर दोन मजले चढले, मागची बाजू वाढली! तुम्ही सोळा भाकरी अन् नऊ भाकरी मोजल्या, तोलनसाहेब. खाणारे मोजलेच नाहीत! आधी भागाकार करायला पाहिजे."

तोलनच्या पडद्यावर एक ठिपका लुकलुकला. "गेल्या वर्षापर्यंत मी घरांची मोजणी करत होतो," तो म्हणाला. "घर सहसा तेवढंच राहतं. इमारत वाढत जाते, हे माझ्या हिशेबात नव्हतं. चूक मान्य."

"याला ऊर्जा-तीव्रता म्हणतात," आबा म्हणाले. ऊर्जा-तीव्रता (इमारतीच्या एका चौरस मीटर जागेमागे वर्षभरात लागलेली ऊर्जा) काढली, की लहान आणि मोठी इमारत एका पंगतीत बसवता येते. हिरव्या दिव्यासाठी हा आकडा शंभर किंवा त्याहून कमी असायला हवा, शंभराच्या वर एकशे चाळीसपर्यंत पिवळा आणि त्यापुढे लाल, असं तोलनने लगेच मोठ्या इमारतींच्या नियमांतून शोधून सांगितलं. नियम होता, त्याने वाचलाच नव्हता!

कृत्तिकाने पहिल्या वर्षाचा भागाकार केला. चार लाख ऐंशी हजार भागिले चार हजार, म्हणजे एकशे वीस.

"आता मधल्या सगळ्या वर्षांचे आकडे काढा," तिने फर्मावलं. "मला पाहायचंय, आबांनी काय काय केलं ते."

तोलनच्या पडद्यावर एकेका वर्षाची रेघ उभी राहू लागली. पहिली एकशे वीसची. पुढच्या थोड्या उंच. मग आणखी उंच. आणि दहाव्या वर्षाला आकडा गेला थेट दोनशे चाळीसवर! कृत्तिकाला धक्काच बसला. आबा असताना दुप्पट?

"हे काय हो आबा?"

तायडेकाका छताकडे पाहू लागले.

"एसी आले," आबा म्हणाले. "त्याआधी सगळ्या दुकानांत कूलर होते. कूलर कसा गार करते, सांग बरं."

वऱ्हाडातल्या पोरीला हे विचारायचं? तिने एका दमात सांगितलं. बाहेरची कोरडी, तापलेली हवा ओल्या वाळ्यातून आत ओढायची. वाळ्यातल्या पाण्याचं बाष्पीभवन (पाण्याची वाफ होणं) होतं. वाफ व्हायला उष्णता लागते, ती पाणी हवेतूनच घेतं, म्हणून हवा गार होते. मात्र ही हवा दमट असते. ती बाहेर जायला वाट हवी, नाहीतर अंगाला चिकचिक होते.

"म्हणजे कूलर लावला की दार...?"

"उघडं!"

"आणि एसी लावला की?"

"बंद. कारण एसी बाहेरची हवा आत घेत नाही. आतलीच हवा फिरवून फिरवून गार करते. दार उघडं राहिलं तर..." कृत्तिकाचे डोळे मोठे झाले. तिने तायडेकाकांकडे पाहिलं. "काका! तुम्ही एसी लावून दारं उघडी ठेवली?"

"आता काय सांगू माय," तायडेकाका ओशाळून म्हणाले. "माह्या बापानं शिकवलं होतं, गारवा पाह्यजे असंन त दार उघडं ठेव. हाताले सवय थेच. अन् बंद दाराच्या दुकानात गिऱ्हाईक कशाले येईन? म्या ठेवलं, मंग साऱ्यायनं ठेवलं."

"म्हणजे अख्खं मार्केट मिळून मे महिन्यातला रस्ता गार करत होतं!"

"चार वर्षं," आबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, आणि मग त्यांनाच हसू आवरेना. तायडेकाकाही हसले. तोलनने विचारलं, "रस्ता किती अंश गार झाला?" तेव्हा तर कृत्तिकाची हसून मुरकुंडी वळली.

"मग तुम्ही दारं बंद करायला लावली?"

"ऐकते कोण! हात जोडले, पाट्या लावल्या, दुकानोदुकानी जाऊन समजावलं. लोक मान डोलवत अन् दार उघडं ते उघडंच. मग एके दिवशी डोक्यात आलं. माणसं चुकीची नाहीत, त्यांच्या बापजाद्यांनी कूलरसाठी अगदी बरोबर शिकवलं होतं. दुकानांची दारं बंद होत नाहीत ना? मग आपण गल्लीलेच दार लावू."

जिनिंग मार्केटमधली दुकानं एका लांब गल्लीत उघडत, आणि गल्ली दोन्ही टोकांना रस्त्यावर. आबांनी गल्लीवर छत घातलं. दोन्ही टोकांना एकामागे एक अशी दोन दारं बसवली. पहिलं दार मागे मिटलं की मगच पुढचं उघडायचं, त्यामुळे बाहेरची झळ आत येईना. मग दुकानांची दारं खुशाल दिवसभर उघडी राहोत, गारवा गल्लीतच फिरत राही. प्रत्येक दुकानाच्या छोट्या एसीऐवजी सगळ्या गल्लीसाठी एकच मोठं शीतयंत्र आलं. छताला पांढरा रंग दिला, तो ऊन परतवून लावू लागला. संवेदक (माणसाची चाहूल घेणारं उपकरण) बसवले, मग रिकाम्या खोलीतले दिवे आपोआप मंद होऊ लागले. रात्री बाहेरची हवा निवली की छतातल्या झडपा उघडत आणि भिंती दुसऱ्या दिवसासाठी गार होऊन राहत. पडद्यावरच्या रेघा उतरू लागल्या होत्या. दोनशे चाळीस, दोनशे, एकशे साठ. पुढे उतार मंदावला, पण थांबला नाही. एकशे वीस, एकशे दहा, आणि गेल्या वर्षी एकशे सहा.

कृत्तिका त्या रेघांकडे पाहतच राहिली. प्रत्येक खाली आलेल्या रेघेत तिचे आबा होते. कूलरच्या दिवसांत जेवढी वीज एका चौरस मीटरला लागायची, त्याहून कमी विजेत आता अख्खं मार्केट एसीचा गारवा खात होतं. अभिमानाने तिला काय करू न् काय नको असं झालं.

"आता यंदाचा आकडा!" ती ओरडली. "इमारत केवढी आहे?"

"इमारतीच्या नोंदीप्रमाणे पंधरा हजार चौरस मीटर," तोलन म्हणाला. "बारा लाख छत्तीस हजार भागिले पंधरा हजार. ब्याऐंशीच्या वर थोडं. हिरवा."

एकच जल्लोष झाला. तायडेकाकांनी तोलनला मिठी मारली. कुणीतरी पेढे आणायला धावलं. दारापाशी जमलेले दुकानदार टाळ्या वाजवू लागले. फक्त आबा खिडकीपाशी उभे राहून चष्मा पुसत होते.

कृत्तिकाचं लक्ष त्या चष्म्याकडे गेलं. तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. गेली काही वर्षं रेघ दरवर्षी तीन-चारने उतरत होती. आणि यंदा एकदम एकशे सहावरून ब्याऐंशी? जिना उतरता उतरता कुणी मधूनच थेट तळाशी उडी मारावी तसं ते दिसत होतं. यंदा मार्केटमध्ये नवीन काय झालं? नवं यंत्र आलं नव्हतं. नवा रंग नव्हता. नवीन झालं होतं ते फक्त...

ती जिन्याने धावत खाली गेली. तळघरातल्या नव्या पार्किंगमध्ये ती उभी राहिली, तेव्हा भट्टीत आल्यासारखं वाटलं. तिथे एसी नव्हता. पंखा नव्हता. दोन-चार मिणमिणते दिवे आणि गाड्यांच्या रांगा. तीन हजार चौरस मीटर नुसती रिकामी, तापलेली जागा. इथे वीज जवळजवळ लागतच नव्हती, आणि तिच्या भागाकारात मात्र ही जागा सगळ्यांच्या बरोबरीने पंगतीला बसली होती.

ती वर आली तेव्हा तिला धाप लागली होती.

"तोलनसाहेब, पार्किंग धरायचं असतं का?"

"नियमात स्पष्ट लिहिलेलं नाही," तोलन म्हणाला. "हरकत घेणाऱ्याने सांगावं."

"अवं, धर ना माय!" तायडेकाका कळवळले. "पार्किंग बी आपलंच हाये. आपण कोठी चोरलं थे?"

सगळे तिच्याकडे पाहत होते. तिने आबांकडे पाहिलं. आबांनी हात वर केले. "मी बोलू शकत नाही. हरकत तुझी आहे."

कृत्तिकाला हिरवा दिवा हवा होता. खूप हवा होता. आबांच्या गच्चीवर हिरवा दिवा लागलेला तिला बघायचा होता, वर्गात सांगायचं होतं. पण त्या पडद्यावरच्या इतक्या सगळ्या रेघा आबांनी घाम गाळून खाली आणल्या होत्या, आणि ही शेवटची कुणी आणली होती? कुणीच नाही. ती नुसती गाड्या उभ्या करायच्या जागेने आणली होती.

"घरी भाकरी मोजताना अंगणात उभ्या मोटारसायकली कोणी धरत नाही," ती म्हणाली. "पार्किंग सोडून मोजा."

"बारा हजार चौरस मीटर," तोलन म्हणाला. "एकशे तीन. पिवळा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पेढे घेऊन आलेला माणूस दारातच थबकला. तीन! फक्त तीनने हिरवा गेला होता.

मग आबा पुढे आले. त्यांनी कृत्तिकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तीस वर्षं या इमारतीत काम करून राहिलो. आजच्याइतका अभिमान मले एकदाही वाटला नव्हता." त्यांचे डोळे भरून आले होते आणि यावेळी त्यांनी चष्मा पुसला नाही.

तायडेकाकांनी पेढ्यांचा डबा हातात घेतला. "एकशे तीन त एकशे तीन! आपले खरे एकशे तीन हायेत," ते म्हणाले आणि पहिला पेढा कृत्तिकाच्या तोंडात कोंबला. दुसरा त्यांनी तोलनच्या कपापाशी ठेवला.

"एक परवानगी हवी आहे," तोलन कृत्तिकाला म्हणाला. "तुमचा भागाकार मला बरोबर वाटतो. जागेने भागायचं आणि पार्किंग सोडायचं. सूर्यास्ताला अजून थोडा वेळ आहे. मी शहरातल्या सगळ्याच इमारती याच रीतीने पुन्हा मोजू का?"

"मोजा ना!" कृत्तिका म्हणाली.

सूर्य टेकला तेव्हा सगळं मार्केट गच्चीवर जमलं होतं. पांढऱ्या छतावर अजून दिवसाची ऊब होती. प्रथम त्यांच्याच डोक्यावरचा दिवा लागला. पिवळा, स्वच्छ, ठसठशीत. मग दूरवर एकेक दिवा उजळू लागला. सकाळच्या यादीत लाल असलेलं जिल्हा रुग्णालय पिवळं झालं, कारण तिथे गेल्या दहा वर्षांत तीन नवे विभाग वाढले होते. बस स्थानकाजवळचं जुनं बाजारघर लालचं हिरवं झालं आणि तिथून फटाक्यांचा आवाज आला. चौकातल्या चकचकीत काचेच्या मनोऱ्याची वीज वाढली नव्हती, म्हणून सकाळी तो हिरवा होता; आता खालचे पाच मजले पार्किंग सोडून भागाकार झाला आणि तो पिवळा झाला. तायडेकाका त्यावर खूप वेळ हसत होते.

"आबा," कृत्तिकाने विचारलं, "एखादी इमारत वर्षभर रिकामीच ठेवली तर तिचा आकडा शून्यच येईल की! मग ती सगळ्यात शहाणी का?"

आबांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "नाही. ती कोणाच्याच उपयोगाची नाही. जागेनं भागून अर्धं चित्र दिसते. आत किती माणसं येतात, किती तास काम चालते, त्यानं भागून उरलेलं दिसेल. तो भागाकार अजून कोणी नीट बसवला नाही."

"मग मी बसवते. पण त्याआधी आपले ते तीन. शंभराच्या वर जे तीन युनिट आहेत ना, ते कुठे गळतात ते मला शोधायचंय."

"मीही तीन वर्षं झाली, अशीच एक गळती शोधून राहिलो," आबा म्हणाले. "सापडली नाही."

"उद्या किती वाजता यायचं?"

"दुकानं उघडायच्या आधी," आबा म्हणाले. "तेव्हा इमारत एकटी असते. तिचं नीट ऐकू येते."

खाली गल्लीची दारं एकामागे एक मिटत होती, उघडत होती, गिऱ्हाइकं आत येत होती. कृत्तिका कठड्याला टेकून उभी राहिली आणि इमारतीचं बिनसलेलं कुठे ऐकू येतंय का, ते आत्तापासूनच कान देऊन ऐकू लागली.